दात, चष्मा आणि काटेरी तार

दर ऑगस्टमध्ये एक ठरलेला कार्यक्रम असतो. सहा तारखेला कुणीतरी हिरोशिमाचा फोटो टाकतं, नऊला नागासाकीचा. आणि तासाभरात कुणीतरी येऊन लिहून जातं, "जपानी तरी कुठे साधे होते?" त्यात आता आणखी एक भर पडली आहे. दुसऱ्या महायुद्धातली जुनी अमेरिकन पोस्टरं "काय भारी आर्ट आहे" म्हणून फिरतात. पुढे आलेले दात, जाड भिंगांचा गोल चष्मा, फटीसारखे डोळे. कधी अंग माकडाचं, कधी शेपटी उंदराची. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं: "अहो, युद्ध होतं. युद्धात असं चालायचंच."

मला या "चालायचंच"शी भांडायचं आहे. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी "साधे होते का" याचं उत्तर देऊन टाकतो, म्हणजे नंतर तो मुद्दा कुणी काढायला नको. जपानी लष्कर साधं नव्हतं. डिसेंबर १९३७ मध्ये नानकिंगमध्ये त्यांनी जे केलं ते वाचताना आजही पोटात ढवळतं. मांचुरियातल्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीने जिवंत माणसांवर प्रयोग केले. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर मलायातले हजारो तमिळ मजूर मेले. आणि आपल्या अंदमानात? तिथे तर हे लोक मुक्तिदाते म्हणून उतरले होते. त्यांनी डॉ. दिवाणसिंगांना छळ करून मारलं, आणि ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंजला ४४ हिंदी माणसांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. यातलं काहीही लपवायचं नाही, काहीही सौम्य करून सांगायचं नाही.

आता पोस्टरांकडे परत बघा. त्यात यातलं काय दिसतं?

अत्याचार दाखवणारी पोस्टरं होती, नाही असं नाही. पण तिथेही माणसाच्या जागी बहुतेकदा वानर किंवा राक्षसच असायचा. आणि बाकीच्यांत सगळा भर दातांवर, डोळ्यांवर, बुटक्या अंगावर आणि चष्म्यावर. म्हणजे गुन्हा काय, तर थोबाड. माझं सगळं भांडण इथेच आहे. लष्कराने काय केलं ते दाखवणारं चित्र त्या लष्कराला लागू पडतं. नाक-डोळे दाखवणारं चित्र ते नाक-डोळे असलेल्या प्रत्येकाला लागू पडतं. मग तो टोकियोतला सेनापती असो, नाहीतर कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी पिकवणारा शेतकरी असो, नाहीतर त्याची शाळेत जाणारी पोरगी असो.

जर्मनांच्या बाबतीत हीच मंडळी किती नीट वागली बघा. व्यंगचित्रात हिटलर असायचा, गोबेल्स असायचा, गोअरिंग असायचा. "नाझी" हा शब्द वापरायचे. म्हणजे जर्मनांत चांगले जर्मन असू शकतात याला जागा होती. जपान्यांसाठी एकच शब्द होता, "जॅप". त्यात सम्राट आला, शिपाई आला, धोबी आला, तान्हं बाळ आलं. त्यांच्यात "चांगला जपानी" चित्रात दाखवायची सोयच ठेवली नव्हती. फ्रँक काप्रा या मोठ्या दिग्दर्शकाने अमेरिकन सैन्यासाठी जपानवर एक प्रचारपट केला. त्यात जपानी शिपाई म्हणजे एकाच निगेटिव्हवरून काढलेल्या फोटोंच्या प्रती, असं सांगितलं होतं. तो प्रचारपट दाखवायला निघाला कधी, तर ९ ऑगस्ट १९४५ ला. नागासाकीच्या दिवशी.

"बरं, पण चित्रंच ना ती? चित्राने काय होतं?"

सांगतो काय होतं.

पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला. २२ डिसेंबरच्या अंकात 'लाइफ' या अमेरिकेतल्या बड्या साप्ताहिकाने जपानी आणि चिनी माणूस कसा वेगळा ओळखावा याचं सचित्र मार्गदर्शन छापलं. चेहऱ्याच्या फोटोंवर रेघा मारून: नाक असं, कातडीचा रंग तसा, गालाची हाडं अशी. आपण बैल बाजारात बघतो ना, दात-शिंगं-खूर, अगदी तसं. का? तर चीन आता मित्रराष्ट्र होता आणि रस्त्यावर चुकून चिनी माणूस मार खात होता. म्हणजे मार खाण्यावर आक्षेप नव्हता, आक्षेप पत्ता चुकण्यावर होता. अमेरिकेतल्या चिनी लोकांना "मी चिनी आहे" असे बिल्ले छातीवर लावून फिरावं लागलं.

मग आला फेब्रुवारी १९४२. न्यूयॉर्कच्या 'पीएम' नावाच्या दैनिकात १३ तारखेला एक व्यंगचित्र आलं. वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्निया या किनाऱ्यावरून जपानी माणसांची न संपणारी रांग चालली आहे. सगळे अगदी सारखे दिसतात, तोच चष्मा, तेच डोळे. रांग एका खोपटापाशी येते आणि तिथे प्रत्येकाला स्फोटकांचं पुडकं मिळतं. छपरावर एक जण दुर्बीण लावून समुद्राकडे बघतोय, मायदेशाचा इशारा कधी येतो म्हणून.

चित्रकार कोण होता? थिओडोर गायझेल. तुमच्या घरात लहान मुलं असतील आणि इंग्रजी गोष्टींची पुस्तकं असतील, तर डॉ. स्यूस हे नाव माहीत असेल. तोच. आणि हा काही कुणी कट्टर वर्णद्वेषी नव्हता. ज्यूद्वेषाविरुद्ध, काळ्या लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध याने त्याच दैनिकात चित्रं काढली होती. दैनिकही पुरोगामी होतं. हे मुद्दाम सांगतोय. कारण "आपण तसले नाही" असं समजणाऱ्या माणसाच्या हातूनच हे काम सगळ्यात सफाईने होतं. लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो ना.

त्या चित्रानंतर सहाव्या दिवशी, १९ फेब्रुवारी १९४२ ला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. चित्रामुळे सही झाली असं मी म्हणत नाही. सहीची तयारी आधीच चालली होती. पण सही झाल्यावर देशात फारसा आरडाओरडा झाला नाही, तो का झाला नाही याचं उत्तर अशा हजारो चित्रांत आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना उचलून छावण्यांत टाकलं. त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हातात मावेल तेवढंच सामान न्यायचं. गळ्यात कुटुंबाच्या नंबराची चिठ्ठी. घर, दुकान, होडी, उभं पीक मिळेल त्या भावात फुंकून टाकायचं. छावण्या तयार होईपर्यंत कित्येक कुटुंबांना लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं. आणि नंतर मांझनार, टुली लेक, हार्ट माउंटन. काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे, वाळवंटातली धूळ.

पुरावा काय होता? इथे लक्ष द्या, कारण हा युक्तिवाद तुम्ही आपल्याकडेही ऐकला असेल. पश्चिम किनाऱ्याचा लष्करप्रमुख जनरल ड्युविट याने आपल्या शिफारशीत जे लिहिलं त्याचा अर्थ असा: अजूनपर्यंत घातपाताचा एकही प्रकार घडलेला नाही, हीच गोष्ट तो घडणार असल्याची खूण आहे. वाचा परत. काही केलं तर गुन्हेगार. काही नाही केलं तर छुपा गुन्हेगार. या तर्कातून कुठला माणूस सुटेल? पुढच्या वर्षी याच गृहस्थाने संसदेच्या समितीपुढे सांगितलं की नागरिक असो वा नसो, जॅप तो जॅपच.

आणि ज्यांचा जन्म जपानमध्ये झाला होता ते थोरले लोक नागरिक का नव्हते? कारण कायदा त्यांना नागरिक होऊ देत नव्हता. ताकाओ ओझावा नावाच्या माणसाने अर्ज केला, तर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की तू गोरा नाहीस. तीनच महिन्यांनी, १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाने आपल्या भगतसिंग थिंदला तेच सांगितलं. म्हणजे आधी दार लावायचं, आणि मग विचारायचं की आत का आला नाहीस, तुझी निष्ठा कुठे आहे!

थोडं पैशाचंही बोलू, कारण अशा गोष्टीत पैशाचं कुणी बोलत नाही. कॅलिफोर्नियात जपानी शेतकरी थोड्या जमिनीत उत्तम भाजीपाला काढत. सॅलिनासच्या गोऱ्या उत्पादकांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याने १९४२ मध्येच एका साप्ताहिकाला उघड सांगितलं की आम्ही स्वार्थासाठी जपान्यांना घालवू पाहतो असा आरोप होतो, आणि तो खरा आहे. आता हवाई बेटांकडे बघा. बॉम्ब पडले ते तिथे. तिथल्या लोकवस्तीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं जपानी वंशाची. धोका असला तर सगळ्यात जास्त तिथेच असायला हवा. पण तिथे सरसकट उचलाउचल झाली नाही. का? कारण तिथली शेती, बंदरं, दुकानं त्यांच्याशिवाय चालली नसती. गरज होती तिथे तोच चेहरा चालला. डोळ्यात जमीन भरली तिथे तोच चेहरा धोकादायक झाला.

युद्ध संपेपर्यंत अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या एकाही माणसावर हेरगिरीचा किंवा घातपाताचा गुन्हा सिद्ध झाला नाही. उलट छावणीत आईबापांना सोडून तिथली पोरं सैन्यात भरती झाली, आणि त्यांची ४४२ वी पलटण आकाराच्या मानाने सगळ्यात जास्त शौर्यपदकं मिळवणारी ठरली. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या अंगावर जो गणवेश, तोच तारेच्या आतल्या म्हातारीच्या मुलाच्या अंगावर.

आता काही जण म्हणतील, "ठीक आहे, अन्याय झाला. पण शत्रूचा तिरस्कार नसेल तर युद्ध जिंकणार कसं?" बरं, तेही तपासू. चेहऱ्याचा तिरस्कार युद्ध जिंकून देतो का?

१९४० च्या अखेरीस अतिपूर्वेतल्या ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती ब्रुक-पॉपम हाँगकाँगच्या सीमेवर गेला. तारेपलीकडचे जपानी शिपाई बघून त्याने लिहून कळवलं की हे मळक्या गणवेशातले माणसापेक्षा खालचे नमुने आहेत, यांचं चांगलं सैन्य होईल असं वाटत नाही. जपानी माणसाची नजर अधू असते, त्याला विमान धड चालवता येत नाही, असं तेव्हाचे गोरे तज्ज्ञ गंभीरपणे बोलत. त्यानंतर काय झालं? १० डिसेंबर १९४१ ला याच "अधू नजरेच्या" वैमानिकांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन बलाढ्य युद्धनौका समुद्रात बुडवल्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, तेही संख्येने कमी असलेल्या जपानी फौजेपुढे. सुमारे ८०,००० सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली.

आणि त्यात निम्म्याच्या आसपास कोण होते? आपली माणसं. हिंदी शिपाई. आझाद हिंद सेनेत पुढे मोठ्या हुद्द्यावर गेलेले आपले जगन्नाथराव भोसले त्याच कैद्यांत होते. साहेबाने नकाशावर माणसाऐवजी व्यंगचित्र बघितलं, आणि त्याची किंमत हजारो शेतकऱ्यांच्या पोरांनी बंदिवासात भरली. शत्रूला माकड समजणारा सेनापती शत्रूची तयारी मोजत नाही. माकडाची कसली तयारी मोजायची? मग पराभव झाला की तोच शत्रू एका रात्रीत जंगलात झाडावरून झाडावर उड्या मारणारा, न थकणारा, न मरणारा राक्षस होतो. माकड काय आणि राक्षस काय, माणूस दोन्हीत नाहीच.

शेवटी ही चित्रं कुठे जाऊन पोहोचली तेही सांगतो. २२ मे १९४४ च्या 'लाइफ'मध्ये आठवड्याचं खास छायाचित्र म्हणून एक तरुणी छापली होती. नौदलातल्या मित्राने भेट पाठवलेली जपानी शिपायाची कवटी टेबलावर, आणि ही आभाराचं पत्र लिहितेय. जर्मन कवटी अशी कुणी छापली असती? विचार करा. आणि सगळे अमेरिकन गप्प नव्हते हेही सांगायला हवं, त्या फोटोवर निषेधाची पत्रं आली होती. अर्नी पाइल हा शिपायांचा लाडका वार्ताहर युरोपातून पॅसिफिकला आला, तेव्हा त्याने लिहिलं की युरोपात शत्रू कितीही भयंकर असला तरी माणूस होता, इथे जपान्यांकडे झुरळं-उंदरांसारखं बघतात.

मार्च १९४५ मध्ये अमेरिकन मरीन दलाच्या 'लेदरनेक' मासिकात चित्र आलं: जपानी माणूस म्हणजे ऊ. लॅटिन वाटावं असं खोटं शास्त्रीय नाव देऊन. आणि मजकूर असा की या रोगाची पैदास टोकियोच्या परिसरात होते, ती समूळ नष्ट करायला हवी. त्याच महिन्यात ९ तारखेच्या रात्री टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं जळून मेली. बहुतेक साधे नागरिक, लाकडी घरांत राहणारे. मासिक वाचून विमानं उडाली नाहीत, हे मलाही कळतं. पण उवा मारल्यावर कुणाला झोप लागत नाही असं होत नाही, हेही कळतं. डिसेंबर १९४४ च्या गॅलप चाचणीत १३ टक्के अमेरिकनांनी सांगितलं होतं की युद्धानंतर जपान्यांना सरसकट मारून टाकावं. म्हणजे दर आठांमागे एक. हे शेजारी होते, शिक्षक होते, आज्या होत्या.

"आणि जपान्यांनी काय कमी केलं?" नाही, कमी नाहीच केलं. तेही याच विषाचे गिऱ्हाईक. आपण यामातो वंश, देवांचे वंशज, बाकी आशियाने आपल्या पायाशी बसावं, असं ते शिकवत. अमेरिकन-इंग्रज म्हणजे शिंगांचे राक्षस. सेनेच्या प्रचारपटात मोमोतारो नावाचा परीकथेतला पोरगा या राक्षसांना हरवायचा. ७३१ तुकडीतले डॉक्टर आपल्या कैद्यांना "ओंडके" म्हणत. मग ओंडका कापायला हात कसला थरथरणार? आणि हा प्रचार उलटला कुणावर? जुलै १९४४ मध्ये सायपान बेट पडलं, तेव्हा जपानी बायकांनी पोरांना कवटाळून कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या. येणारा शिपाई राक्षस आहे, तो आपल्या पोरांचे हाल करील, असं त्यांना शिकवलं होतं. शत्रूचा चेहरा रंगवला सरकारने, आणि जीव गेला आपल्याच लेकुरवाळ्या बाईचा.

आणि मग युद्ध संपलं. सप्टेंबर १९४५ च्या 'लेदरनेक'च्या मुखपृष्ठावर हसरा मरीन, आणि त्याच्या खांद्यावर जपानी गणवेशातलं छोटंसं माकड. सहा महिन्यांपूर्वी मारण्याजोगं होतं, आता पाळण्याजोगं झालं. थोड्याच वर्षांत जपान अमेरिकेचा जवळचा मित्र झाला. त्याच गायझेलने १९५४ मध्ये 'हॉर्टन' हत्तीची गोष्ट लिहिली आणि ती क्योटोच्या एका जपानी प्राध्यापक मित्राला अर्पण केली. जपानी माणसाचे दात तेवढेच होते. डोळे तेवढेच होते. बदललं होतं वॉशिंग्टनचं धोरण. मग ती "जातिवंत क्रूरता", तो "रक्तातला दगाबाजपणा" गेला कुठे? नव्हताच तो. राज्यकर्त्यांना हवा तेव्हा लावायचा आणि हवा तेव्हा मालवायचा दिवा होता.

पण दिवा मालवला तरी बटण भिंतीवर राहतं. १९८२ मध्ये जपानी मोटारींमुळे डेट्रॉइटमधल्या नोकऱ्या जात होत्या, तेव्हा तिथे व्हिन्सेंट चिन या तरुणाला बॅटने मारून टाकलं. तो चिनी वंशाचा होता. मारणाऱ्यांना तुरुंगवासही झाला नाही, ३,००० डॉलर दंड आणि देखरेखीवर सुटका. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीरसिंग सोधींना गोळी घातली. ते शीख होते, पगडी बघून मारले. 'लाइफ'ने रेघा मारून शिकवलेली चेहरे ओळखायची विद्या ही अशी आहे. ज्यांची मुलं-नातवंडं न्यू जर्सीत आणि टेक्सासात आहेत, त्यांनी या पोस्टरांवर हसायच्या आधी जरा थांबावं.

अमेरिकेने निदान पुढे कबूल केलं. सरकारी आयोगाने १९८३ मध्ये निकाल दिला की त्या छावण्यांच्या मुळाशी लष्करी गरज नव्हती. वंशद्वेष होता, युद्धज्वर होता आणि नेत्यांचा नाकर्तेपणा होता. १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. उशिरा, तुटपुंजं, पण केलं.

आपण?

राजस्थानात देवली नावाचं गाव आहे. आपल्या वर्ध्याचं देवळी नव्हे. तिथल्या छावणीत इंग्रजांनी आधी आपले राजकीय कैदी ठेवले होते. जयप्रकाश नारायण तिथे होते, आपले श्रीपाद अमृत डांगे तिथे होते. मग महायुद्धात इंग्रजांनी सिंगापूर-मलायातून पकडून आणलेली जपानी कुटुंबं आधी दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात आणि नंतर याच देवलीत कोंडली. आणि १९६२ च्या युद्धानंतर? आपल्या, स्वतंत्र भारताच्या सरकारने आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडचे सुमारे ३,००० चिनी वंशाचे लोक उचलून त्याच छावणीत नेले. पिढ्यानपिढ्या इथे राहिलेले, चहाच्या मळ्यात, सुतारकामात, दुकानांत राबलेले. कायदा असा केला की आजा जरी चिनी असला तरी नातू संशयित. काही जण १९६७ पर्यंत आत होते. आजतागायत दिल्लीने त्यांची माफी मागितलेली नाही. किती जणांना हे शाळेत शिकवलं होतं? आणि २०२० च्या मार्चमध्ये करोना आला, तेव्हा दिल्लीत मणिपूरच्या मुलीच्या अंगावर "करोना" म्हणून थुंकलेच ना? तिचा गुन्हा काय? डोळे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. "त्या काळात सगळेच असं करत होते." खोटं आहे. सगळे करत नव्हते.

सेवाग्रामच्या आश्रमात एक जपानी बौद्ध भिक्खू राहायचा. त्याची प्रार्थना आश्रमाच्या रोजच्या प्रार्थनेत आली होती. जपान युद्धात उतरला आणि पोलिस त्याला उचलून घेऊन गेले. त्यानंतर जुलै १९४२ मध्ये, जपानी फौज ब्रह्मदेशात आपल्या दाराशी उभी असताना, गांधींनी प्रत्येक जपानी माणसाला उद्देशून एक पत्र लिहिलं. ते 'हरिजन'च्या २६ जुलैच्या अंकात छापलं. त्यात गोडगोड काही नाही. चीनवरचा तुमचा हल्ला मला अत्यंत नापसंत आहे, हे साम्राज्याची हाव आहे, हिंदुस्थानात स्वागत होईल या भ्रमात राहू नका, आम्ही विरोध करू, असं स्वच्छ बजावलं आहे. आणि त्याच पत्रात त्या भिक्खूची आठवण आहे. त्याचं काम, त्याचं वागणं, त्याने मागे ठेवलेली आणि आश्रमात अजून म्हटली जाणारी प्रार्थना. दात नाहीत, चष्मा नाही, माकड नाही. कृत्याला नाव आहे, कृत्य करणाऱ्याला सुनावणी आहे, आणि चेहरा शाबूत आहे.

तेव्हा वर्ध्याच्या उन्हात, शत्रू वेशीवर असताना हे जमलं. "युद्धात चालायचंच" म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

म्हणून मित्रांनो, एक साधी चाचणी सांगतो. पुढच्या वेळी तणाव वाढेल, सीमा तापेल, ग्रुपवर चित्रं आणि मीम यायला लागतील. आलेलं चित्र उघडा आणि बघा, यात कुणाचं काही कृत्य आहे, की नुसता चेहरा, दाढी, डोळे, टोपी, रंग आहे? कृत्य असेल तर ते खरं आहे का तपासा, आणि मग खुशाल झोडपा, मीही येतो सोबत. नुसता चेहरा असेल तर तो तुमच्या बोटाखाली थांबवा. कारण तो चेहरा शत्रूच्या सेनापतीपर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचतो तुमच्या गल्लीतल्या मोमोवाल्या पोरापर्यंत, तुमच्या पोराच्या वर्गातल्या मुलीपर्यंत.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर भांडा, मुद्द्यावर भांडा. फक्त "चालायचंच" एवढं म्हणू नका.